चाकरमान्याचे मत कोणत्या गावचे?

२ डिसेंबर २०२५ रोजी, मंगळवारी, राज्यातल्या बहुसंख्य नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झाले. त्याच्या आदल्या रात्री भांडुपच्या आमच्या वस्तीतून कोकणाकडे तीन बसगाड्या सुटल्या. भाडे कोणी भरले हे कोणी विचारले नाही. जेवणाची पाकिटे वाटली गेली, गणपतीला जाताना असतो तसा गलका झाला आणि गाड्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी गावाकडच्या आणि मुंबईतल्या ओळखीच्या लोकांमध्ये दोन तट पडलेले दिसले. एका बाजूचे म्हणणे असे की, हे बाहेरचे, बोगस मतदार आहेत, पाच वर्षांतून एकदा येऊन गावाचा निकाल फिरवतात, त्यांची नावे कापून टाका. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, गावात आमचे घर आहे, देव आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, आम्हाला बाहेरचे म्हणणारे तुम्ही कोण? माझे मत आधीच सांगते. जो माणूस वर्षानुवर्षे मुंबईत राहतो, त्याचे मत मुंबईतच असले पाहिजे, मग गावी त्याचे घर असो, देवघर असो वा जमीन असो. मात्र ते मत गावाच्या यादीतून नुसते कापून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ते मुंबईच्या यादीत आणून बसवणे ही निवडणूक यंत्रणेची जबाबदारी आहे. नाव कापणे आणि नाव हलवणे या दोन क्रियांतल्या फरकावर हा सारा वाद उभा आहे, आणि नेमके त्याविषयी कोणी बोलत नाही.

आधी शब्द नीट लावून घेतले पाहिजेत, कारण तीन निरनिराळ्या गोष्टी सध्या एकाच ‘बोगस’ या शब्दात कोंबल्या जात आहेत. ज्याचे नाव दोन याद्यांत आहे तो दुबार मतदार. १ नोव्हेंबर २०२५ रोजी विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला तो प्रामुख्याने याद्यांमधल्या अशा घोळाविरुद्ध होता, आणि त्यानंतरच्या निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापून त्या मतदारांकडून एकाच ठिकाणी मत देण्याची हमी घेण्याची पद्धत अवलंबली. दुसरा प्रकार खोट्या मतदाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर मत देणाऱ्याचा. तो सरळ गुन्हा आहे. तिसरा प्रकार त्या बसमध्ये बसलेल्या बहुतेकांचा आहे. त्यांचे नाव एकाच यादीत आहे, ते स्वतःच्याच नावाने मत देतात, पण ज्या गावच्या यादीत नाव आहे तिथे ते राहत नाहीत. या माणसाला बोगस म्हणणे हा त्याचा अपमान आहे, आणि त्या अपमानाच्या रागातच तो ‘माझे घर, माझे मत’ असे उत्तर देतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. कलम १९ नुसार मतदार त्या मतदारसंघाचा सर्वसाधारणपणे रहिवासी असावा लागतो. कलम २० पुढे दोन गोष्टी सांगते: एखाद्या ठिकाणी घराची मालकी किंवा ताबा आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचे रहिवासीपण जातही नाही. माझा थोरला भाऊ पंचवीस वर्षे भांडुपला राहतो. त्याची मुले इथेच जन्मली, इथेच शिकली. पंचवीस वर्षांच्या गैरहजेरीला तात्पुरती म्हणता येईल का?

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र याच कायद्यात आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच कलम २० मध्ये खासदार-आमदारांसाठी सवलत आहे: निवडून आल्यावर कामासाठी ते मतदारसंघाबाहेर राहिले तरी त्यांचे रहिवासीपण कायम धरले जाते. २०१० च्या दुरुस्तीने कलम २०क आले आणि परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार होता येऊ लागले. म्हणजे रत्नागिरीचा माणूस दुबईला गेला तर त्याचे मत रत्नागिरीत राहते आणि भांडुपला आला तर राहू नये, हे कसले न्यायाचे? प्रश्न रास्त आहे. पण या सवलती कशासाठी दिल्या गेल्या ते पाहिले तर उत्तर सापडते. आमदार गावाबाहेर राहतो तो त्याच गावाने सोपवलेल्या कामासाठी. दुबईत राहणाऱ्या भारतीयाला तिथे मत नाही. इथलेही काढून घेतले तर तो जगाच्या पाठीवर कुठेच मतदार उरणार नाही. भांडुपच्या माणसाची स्थिती तशी नाही. त्याच्यासाठी एक मत मुंबईत वाट पाहत आहे, त्याने फक्त ते घ्यायचे आहे. कोणी मताविना राहू नये यासाठी कायद्याने अपवाद केले आहेत. आपल्या सोयीचे गाव निवडण्याची मुभा त्यातून निघत नाही.

यापुढचा युक्तिवाद नाळेचा असतो. गावाशी आमची नाळ जोडलेली आहे, ग्रामदेवतेच्या पालखीला आमचा मान आहे, मत गेले की गाव तुटेल, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद ऐकताना मला दर वेळी एक गोष्ट खटकते. माझे लग्न झाले त्यानंतर थोड्याच दिवसांत माहेरच्या यादीतून माझे नाव गेले आणि सासरच्या पत्त्यावर चढले. ज्या वहाळात मी पोहायला शिकले, ज्या शाळेच्या ओट्यावर पावसाळ्यात आमची छत्र्यांची रांग लागायची, ते गाव यादीपुरते माझे राहिले नाही. त्या वेळी कोणी हळहळले नाही, माझी नाळ तुटली असे कोणाला वाटले नाही, आणि खरोखरच ती तुटली नाही. मी आजही माहेरी जाते, आईचे औषधपाणी पाहते. महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बहुतेक स्त्रियांनी हे स्थलांतर निमूटपणे केले आहे. जिथे राहायचे तिथे मत, हा नियम स्त्रियांना लावताना आपल्या समाजाला क्षणभरही अडखळावेसे वाटले नाही. मग तोच नियम घरातल्या मुलाला लावायची वेळ आली की कुळ, देव आणि माती आठवावी हे कशाचे लक्षण आहे? माझ्या भावाची आणि माझी नाळ एकाच घरात पुरलेली आहे. माझी तुटली नसेल तर त्याचीही तुटणार नाही.

घरपट्टीचा मुद्दा याहून जास्त गंभीरपणे मांडला जातो: आम्ही कर भरतो, म्हणून आम्हाला मत. कर आणि मत यांची अशी सांगड याच मुंबईने एकेकाळी पाहिलेली आहे. १८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेत चौसष्ट सभासद ठरवले, आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. ज्यांच्या श्रमावर शहर उभे राहत होते ते गिरणीतले, गोदीतले, रस्त्यावरचे लोक त्या हिशेबात कुठेच नव्हते. इंग्लंडमध्ये तर ज्याचे घर एका मतदारसंघात आणि व्यवसायाची जागा दुसऱ्यात, त्याला दोन मते देता येत असत. ही पद्धत १९४८ च्या कायद्याने तिथे मोडीत काढली. त्याच वर्षी मुंबई महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा प्रौढ मताधिकारावर झाली. मत मालमत्तेला चिकटलेले असू नये, ते माणसाला मिळावे, यासाठी जी लढाई झाली तिचा निकाल लागून पाऊणशे वर्षे उलटून गेली आहेत. घरपट्टीच्या पावतीवर मत मागणारे आपल्याही नकळत त्या निकालाविरुद्ध अपील करत आहेत. शिवाय ही पावती कोणाकोणाकडे आहे याचा विचार त्यांनी केला आहे का? दापोली, गुहागर, अलिबाग या भागांत मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांनी सुट्टीची घरे घेतली आहेत. घरपट्टीवर मत द्यायचे ठरले तर गावाचा नगराध्यक्ष कोण असावा हे तेही ठरवणार. आणि त्याच गावात पंधरा वर्षे भाड्याच्या खोलीत राहणारा, तिथल्याच नळाचे पाणी भरणारा, मुलांना तिथल्याच शाळेत घालणारा परप्रांतीय गवंडी? त्याच्या नावावर घरपट्टी नाही म्हणून तो बाहेरचा ठरवायचा काय? मला तरी तो माझ्या भावापेक्षा त्या गावचा अधिक रहिवासी वाटतो, आणि हे लिहिताना मला त्रास होत असला तरी ते खरे आहे.

लहान शहरातली निवडणूक प्रत्यक्षात कशी असते हे मुंबईत राहून लक्षात येत नाही, म्हणून ते जरा विस्ताराने सांगते. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावी. पूर्वी तिथे ग्रामपंचायत होती, पुढे नगरपंचायत झाली. नगरपंचायतीत सतरा प्रभाग, एका प्रभागाचा एक नगरसेवक, आणि नगराध्यक्ष साऱ्या गावाने थेट निवडायचा. ही थेट निवडीची पद्धत राज्यात सरकारे बदलली तशी कधी आली, कधी गेली. २०२२ पासून ती पुन्हा लागू आहे. सहा-सात हजार मतदारांचे गाव सतरा प्रभागांत वाटले की एका प्रभागात चारशेच्या आसपास मतदार येतात. त्यांतले सगळे मतदानाला येत नाहीत. उमेदवार तीन असले तर दीडशे मते मिळवणारा निवडून येऊ शकतो, आणि पंधरा-वीस मतांनी निकाल फिरतो. एका बसमध्ये किती माणसे बसतात याचा हिशेब आता ज्याचा त्याने करावा. लोकसभेला एक बस म्हणजे समुद्रातला थेंब. नगरपंचायतीला एक बस म्हणजे एक अख्खा प्रभाग. म्हणूनच लोकसभेला कोणी गाड्या फारशा काढत नाही आणि नगरपंचायतीला मात्र काढतो.

निवडून आलेले हे लोक ठरवतात काय? नळाला पाणी कोणत्या आळीला कोणत्या वेळी यावे, गटार कुठून न्यावे, मच्छी मार्केट कुठे बसवावे, कचरा कोणाच्या दारात टाकावा, एस. टी. स्टँडसमोरच्या टपऱ्या राहाव्यात की उठाव्यात. माझी आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि त्या घरात एकटी राहते. तिच्या आळीला एक दिवसाआड पाणी येते. तिच्या प्रभागात गेल्या वेळी जो निवडून आला, तो तिला पाच वर्षांत दारात दिसला नाही, कारण तो दारात न येताही निवडून येऊ शकतो हे त्याला ठाऊक होते. त्याच्या भेटीगाठी लालबाग, भांडुप, नालासोपाऱ्यात होत असत. माझ्या भावाने त्यालाच मत दिले होते. भाऊ वाईट नाही, आईवर त्याची माया आहे. त्याने मुंबईतल्या मित्रमंडळींच्या शब्दाखातर मत दिले आणि आईच्या नळाचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही, कारण सकाळी उठून हंडा भरण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. निर्णयाचा भार ज्याच्या डोक्यावर येणार नाही त्याच्या हाती निर्णय दिला की असे होते; त्यासाठी माणूस वाईट असावा लागत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे गावाबाहेरच्यांचे फारसे लक्ष जात नाही. ग्रामपंचायत असताना ग्रामसभा होती. सरपंच कोणीही असो, गावातला कोणीही मतदार उभा राहून हिशेब विचारू शकत होता. माझे वडील तो विचारत असत. नगरपंचायत झाली आणि ग्रामसभा संपली. नागरी भागासाठी संविधानाच्या २४३-ध कलमात वॉर्ड समित्यांची तरतूद आहे, पण ती सक्तीची आहे तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिकांना. म्हणजे दहा हजारांच्या गावातल्या रहिवाशाजवळ गावच्या कारभारावर धाक ठेवण्याचे हक्काचे म्हणावे असे एकच साधन उरले, ते म्हणजे पाच वर्षांतून एकदा मिळणारे मत. ते एकच साधन बाहेर राहणाऱ्यांच्या मतांनी पातळ करायचे का, हा माझा प्रश्न आहे.

चाकरमान्यांनी गावासाठी काहीच केले नाही असे मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. कोकणातल्या कितीतरी शाळा, वाचनालये, देवळांचे जीर्णोद्धार मुंबई मंडळांच्या, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या संघटनांच्या, वर्गणीतून झाले. गिरणगावात गावगावच्या खोल्या होत्या, तिथे वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनीऑर्डर जाई. त्या मनीऑर्डरीवर कोकण जगले आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्यात बुडाले तेव्हा मुंबईतून मदतीचे टेम्पो गेले, त्यांत आमच्या वस्तीचाही एक होता. पण त्याच चिपळूणचे उदाहरण पुढे नेऊन पाहू. पूर ओसरल्यावर वाशिष्ठी नदीतला गाळ काढण्याचा प्रश्न आला, पूररेषेचा प्रश्न आला. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला बंधन आले तर बाजारपेठेतल्या लोकांनी जायचे कुठे, आणि बंधन नको म्हटले तर पुढच्या पुरात जायचे कुठे? गाळ काढावा म्हणून गावातले लोक आंदोलनाला बसले. दर जुलैत रात्री उठून नदीचे पाणी कुठवर आले ते पाहणारा माणूस आणि टेम्पोतून धान्य पाठवणारा माणूस, दोघांचेही मन चांगले असेल, पण या प्रश्नावर मत कोणाचे असावे? गावाचे हित चिंतण्याचा हक्क सगळ्यांना आहे. मंडळाने पैसे पाठवावेत, पत्रे लिहावीत, नगराध्यक्षाला मुंबईत बोलावून जाब विचारावा. कारभारी निवडण्याचा हक्क मात्र त्यांचाच, ज्यांना त्या कारभाराखाली दिवस काढायचे आहेत.

जनगणनेने हे फार पूर्वी ओळखले आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजार ६९ वर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत माणसे घटली, आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. पुरुष कुठे आहेत हे त्या एका आकड्यावरून समजते. प्रभाग लोकसंख्येवर आखले जातात आणि लोकसंख्या जिथे माणूस राहतो तिथे मोजली जाते. चाकरमानी मोजला जातो मुंबईत, त्याच्यामुळे प्रभाग वाढतो मुंबईत, आणि मत मात्र गावच्या यादीत. या विसंगतीने दोन्हीकडचे माप खोटे होते.

मुंबईकडची बाजू या वादात कोणीच मांडत नाही, म्हणून मी ती मांडते, कारण नुकसान इथलेही आहे आणि ते मराठी माणसाचेच आहे. चाकरमानी मुंबईत नाव का नोंदवत नाही? आळस हे कारण वरवरचे आहे. खरे कारण असे की, गावी त्याचे मत चारशेतले एक असते आणि मुंबईत ते सुमारे पंचेचाळीस हजारांतले एक. एक कोटीहून अधिक मतदार आणि २२७ प्रभाग असा हा हिशेब आहे. गावी उमेदवार त्याला नावाने हाक मारतो, त्याच्या घरी येतो, गाडी पाठवतो. मुंबईत त्याला कोणी ओळखत नाही. माणसाला आपली किंमत जिथे कळते तिथे त्याने जावे यात नवल नाही, आणि या भावनेला मी तुच्छ लेखत नाही. परंतु परिणाम काय झाला? मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होते. माझ्या भावाच्या चाळीचा रस्ता, त्याच्या टेकडीवरचा पाण्याचा दाब, त्याच्या बायकोला जावे लागते ते रुग्णालय, सारे त्या अंदाजपत्रकातून चालते. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, आणि त्या काळात चाळीची दरड-भिंत तशीच राहिली म्हणून भाऊ रोज चिडत असे. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. त्या दिवशी तो घरी बसून होता. त्याचे नाव इथल्या यादीत नव्हते.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत जी मुसंडी मारली, श्रीपाद अमृत डांगे लोकसभेवर गेले, ते गिरणगावातल्या चाळींच्या मतांवर. त्या कामगारांचेही कुटुंब, शेत आणि देव गावीच होते. पण मत परळ-लालबागमध्ये होते, म्हणून परळ-लालबागला आवाज होता. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या मिटत गेल्या, माणसे भांडुप, दिवा, विरारकडे फेकली गेली. नव्या ठिकाणी खोली तर मिळाली, पण यादीत नाव घालून घेण्याची खटपट अनेकांनी केलीच नाही. मुंबईत मराठी माणसाचे काही चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या इमारतीतल्या किती मराठी घरांची मते मुंबईबाहेर आहेत, हे एकदा दारोदार जाऊन मोजावे.

आता ‘नावे कापा’ म्हणणाऱ्यांकडे वळते. त्यांचे निदान बरोबर आहे आणि औषध घातक. निवडणूक यंत्रणेचे दोन नमुने आहेत. नमुना ७ वर दुसऱ्याच्या नावाला हरकत घेता येते. ती मान्य झाली की नाव जाते. नमुना ८ वर मतदार स्वतः राहण्याचे ठिकाण बदलल्याचे कळवतो. नवीन ठिकाणी नाव लागते आणि जुन्या ठिकाणचे काढले जाते. पहिल्यात माणूस नुसता यादीबाहेर पडतो, दुसऱ्यात तो एका यादीतून दुसऱ्या यादीत जातो. गावात मागणी होते ती पहिल्याची, आणि तीही निवडून निवडून: विरोधकाच्या बसमधल्या मतदारावर हरकत, आपल्या बसमधल्यावर नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. नियम चुकीचा नव्हता. तरीही अठ्ठावीस लाख नागरिक पहिल्या मतदानाला मुकले, आणि यादी शुद्ध करण्याच्या नादात माणसे गळतात हा धडा आपल्याला तेव्हाच मिळाला. त्याच याद्या तयार होत असताना, १९४८ मध्ये, फाळणीने उखडलेल्या निर्वासितांचे काय करायचे हा प्रश्न आला होता. त्यांच्याजवळ पत्ता नव्हता, ठरावीक मुदतीचा रहिवास नव्हता. तेव्हा इथेच कायमचे राहण्याचा आपला इरादा आहे, एवढ्या त्यांच्या निवेदनावर त्यांना यादीत घेण्याचे ठरले. कागदांची इतकी टंचाई असताना त्या राज्यव्यवस्थेला जे सुचले, ते आज मुंबईत का सुचू नये?

कारण मुंबईत नाव लावणे सोपे नाही, हे मान्य केलेच पाहिजे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला मालक पत्त्याचा पुरावा वापरू देत नाही. पुनर्विकासात इमारत पाडली की माणसे संक्रमण शिबिरात जातात आणि जुना पत्ता कागदावरच उरतो. माझ्या भावाने आठ वर्षांपूर्वी एकदा अर्ज दिला होता. तो का नाकारला हे त्याला कधी कळले नाही, आणि दुसऱ्यांदा तो त्या कार्यालयाची पायरी चढला नाही. पण रस्त्यावर झोपणाऱ्या बेघर माणसाचेही नाव यादीत घेण्याची तरतूद भारत निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये आहे: मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन, हा माणूस खरोखर इथेच झोपतो ना, हे पाहायचे. जे बेघराबाबत करता येते ते चाळीतल्या पोटभाडेकरूबाबत करता येणार नाही काय? गावचे नाव काढण्याआधी संबंधिताच्या मुंबईच्या राहत्या जागी चौकशी व्हावी, तिथे त्याचे नाव चढावे, आणि ते चढल्याशिवाय गावच्या यादीतले नाव निघू नये. राज्य निवडणूक आयोगाला हे ऐन निवडणुकीत करता येत नाही, कारण तो विधानसभेची तयार यादी घेऊन प्रभागांत फोडतो, नाव घालण्याचा वा काढण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर होणारी बोंब निरर्थक आहे. हे काम मधल्या शांत वर्षांचे आहे.

दोन प्रकारच्या माणसांना मी या साऱ्यातून बाजूला ठेवते. बीडचा ऊसतोड कामगार वर्षातले पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतो आणि मग गावी परततो. त्याची गैरहजेरी कायद्याच्या अर्थाने तात्पुरती आहे. त्याचे मत गावचेच. उलट २ डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगामातली तारीख, आणि त्याला गावी परतून मत देता यावे याची काळजी कोणी घेतली, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. तसाच वाशीच्या बाजारातला पाटण-जावळीचा माथाडी, ज्याची बायको-मुले गावी आहेत आणि जो इथे दहा जणांच्या खोलीत राहतो. त्याचे घर कोणते हे त्याने सांगावे आणि यंत्रणेने ते मानावे.

हलवाहलव नकोच, दूरस्थ मतदान आणा, असेही सुचवले जाते. भारत निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये एका केंद्रातून बहात्तर मतदारसंघांसाठी मत घेऊ शकेल अशा यंत्राचा आराखडा मांडला होता. पक्षांनी विरोध केला आणि तो मागे पडला. कल्पना तशी फार जुनी आहे. रोमन नागरिकत्व इटलीभर पसरले होते, पण मत द्यायचे तर रोमलाच यावे लागे, आणि ज्याला प्रवास परवडे किंवा ज्याचा प्रवास दुसरा कोणी करवी त्याचेच मत मोजले जाई. ऑगस्टसने वसाहतींमधल्या नगरसभासदांची मते जागीच घेऊन मोहोरबंद करून रोमला पाठवण्याची व्यवस्था केली होती. लोकसभेसाठी अशा सोयीचा विचार जरूर व्हावा. देशाचे सरकार भांडुपलाही तेच असते आणि कोकणातही तेच. पण आईच्या आळीच्या नळासाठी मुंबईतून बटण दाबण्याची सोय करून काय साधेल? बस बंद होईल आणि बसने जे बिघडवले ते तसेच राहील.

मुंबई मंडळांकडे यादी असते. गाडीत कोण कुठल्या थांब्यावर चढणार, कोणाचे वय झाले आहे, कोणाला पुढची सीट द्यायची, हे सारे त्यांच्या वहीत लिहिलेले असते. मी ती वही पाहिली आहे. त्याच वहीवरून एका रविवारी परळच्या किंवा भांडुपच्या सभागृहात नमुना ८ चे अर्ज भरून घेता येतील, आणि असे अर्ज वर्षभर घेतले जात असल्यामुळे त्यासाठी पाच वर्षे थांबावे लागणार नाही. आमच्या मंडळाच्या सभेत मी हे सुचवले तेव्हा कार्यवाह म्हणाले, ‘ताई, मग गाडीचं काय?’ गाडी शिमग्याला न्या, असे मी सांगितले. भावाने त्या दिवशी अर्ज घरी नेला आहे. तो भरून झाला की त्याच्याबरोबर कार्यालयात मी जाणार आहे.